म्हशीच्या दुधाला ३.८ फॅट: एक्सेप्शन हँडलिंग नेमकं कसं चालतं

सकाळचे सहा वाजायला आले होते. गावातल्या दूध संकलन केंद्रासमोर किटल्या घेऊन लोक रांगेत उभे होते. एकेकाचं दूध काट्यावर जात होतं, नमुना मशीनमध्ये जात होता, फॅट आणि एसएनएफचे (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आकडे कॉम्प्युटरवर येत होते आणि पावती बाहेर पडत होती. एका आजींनी पावती ट्यूबलाइटखाली धरून पाहिली आणि त्या तिथेच थांबल्या. "म्हशीच्या दुधाला कधी ३.८ फॅट लागलीय का रे बाळा?"

लागत नाही. म्हशीच्या दुधाला सहा-सातच्या आसपास फॅट लागते, ३.८ हा गाईच्या दुधाचा आकडा. आजींच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाचं दूध गाईचं होतं आणि त्याच्या पावतीवरही ३.८ च होते. मशीनची केबल क्षणभर हलली होती. आजींच्या नमुन्याचा आकडा कॉम्प्युटरपर्यंत पोहोचलाच नव्हता. आणि मी लिहिलेल्या प्रोग्रामने चकार शब्द न काढता आधीच्या माणसाचा आकडा आजींच्या नावावर टाकून दिला होता.

गाय आणि म्हैस असा फरक होता म्हणून ते सापडलं. गाईवाल्यामागे गाईवाला उभा असताना ४.१ च्या जागी ३.६ पडले असतील तर कोणाच्या लक्षात येणार? दहा दिवसांचं बिल फॅटच्या एकेका पॉइंटवर ठरतं. त्या सकाळी मला पहिल्यांदा नीट कळलं की एक्सेप्शन हँडलिंग हा परीक्षेत पाच मार्कांना येणारा प्रश्न नाही. प्रोग्राममध्ये काही बिघडलं, तर ते कोणी कोणाला सांगायचं आणि पुढे काय करायचं हे कोणी ठरवायचं, याची ती व्यवस्था आहे. एक्सेप्शन म्हणजे तो बिघाड. जावासारख्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांत, म्हणजे जिथे आकडे आणि त्यांच्यावरची कामं एकत्र बांधलेल्या 'ऑब्जेक्ट' नावाच्या तुकड्यांतून प्रोग्राम घडतो तिथे, ही व्यवस्था कशी चालते ते इथे सांगतो. माझ्या प्रोग्राममध्ये सांगणारा होता, पण त्याचं तोंड मी दाबून ठेवलं होतं.

तो कोड असा होता (वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीतच लिहितो):

ट्राय {
    फॅट = मशीन.फॅटवाच();
} कॅच (एक्सेप्शन ई) {
    // नंतर बघू
}
पावतीछाप(सभासद, लिटर, फॅट);

याचा अर्थ असा: फॅट वाचून बघ. वाचताना काही गडबड झाली तर कॅचमध्ये ये. कॅचमध्ये काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे काही करू नकोस. आणि मग, जणू सगळं सुरळीत झालंय अशा थाटात, पावती छाप. वाचन फसलं तेव्हा 'फॅट' या व्हेरिएबलमध्ये नवा आकडा पडलाच नाही, जुना तसाच राहिला. कॉम्प्युटरने सांगितलं तेच केलं.

हा कोड लिहिताना माझ्या मनात काय होतं तेही आठवतंय. मशीन जोडलेलं नसताना प्रोग्राम टेस्ट करायचा होता, सारखा बंद पडत होता, म्हणून ट्राय-कॅच लावून टाकलं. बंद पडायचा थांबला. 'नंतर बघू' ते राहूनच गेलं.

मुळात ही व्यवस्था लागते कशाला, हे समजायला ती नसतानाची पद्धत पाहावी. सी भाषेत आजही तीच चालते. एखाद्या फंक्शनला (प्रोग्राममधला ठरलेलं एक काम करणारा तुकडा) काम सांगितलं की ते उत्तर परत देतं, आणि काम फसलं तर उत्तराच्या जागी ठरलेली खूण परत देतं: कधी उणे १, कधी शून्य, कधी रिकामा पॉइंटर. ती खूण तपासायची जबाबदारी बोलावणाऱ्याची. म्हणजे फॅट वाचायला सांगितली आणि परत आलं उणे १, तर ते बघून थांबायला हवं. पण खूण आणि उत्तर एकाच वाटेने येतात, दिसायलाही सारखेच असतात. तपासायला विसरलात तर प्रोग्राम उणे १ ला फॅट समजून दरपत्रकात शोधायला जातो. आणि दरवेळी तपासायचं ठरवलं तर कामाच्या एका ओळीमागे तपासणीच्या तीन ओळी होतात आणि मूळ काम त्या गर्दीत हरवतं.

त्यातली खरी अडचण अंतराची आहे. बिघाड जिथे होतो तिथे त्याचं काय करायचं हे माहीत नसतं. केबलमधून बाइट (माहितीचे छोटे तुकडे) वाचणाऱ्या कोडला बाइट आले नाहीत एवढंच कळतं. समोर आजी उभ्या आहेत, हाताने टेस्ट करता येईल, दूध संस्थेच्या सचिवांना विचारता येईल, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ते माहीत असतं चार पायऱ्या वर, जिथे स्क्रीन आणि माणूस आहे तिथे. जुन्या पद्धतीत खालची बातमी वर न्यायची तर मधल्या प्रत्येक पायरीने ती हातात घेऊन पुढे द्यायची. एकाने हात सैल सोडला की बातमी तिथेच पडली.

साठच्या दशकात आयबीएमच्या पीएल-वन भाषेत 'अमुक घडलं तर हे कर' असं आधीच सांगून ठेवायची सोय आली. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लू नावाची भाषा केली. फंक्शन कोणकोणत्या तऱ्हेने फसू शकतं हे त्याच्या व्याख्येतच लिहायचं, ही कल्पना तिने नीट मांडली. पुढे एडा, सी प्लस प्लस, जावा, पायथन, सी शार्प अशी ती पसरत गेली. आज ज्याला आपण ट्राय, कॅच आणि थ्रो म्हणतो ते या वाटेने आलेलं आहे.

आता प्रत्यक्षात काय घडतं ते जवळून बघू. माझ्या प्रोग्राममध्ये मेथड (ऑब्जेक्टमधल्या फंक्शनांना हे नाव) एकमेकींना अशा बोलावत होत्या: 'संकलनसुरू' ने 'दूधघे' ला बोलावलं, तिने 'फॅटवाच' ला, तिने 'पोर्टवाच' ला (पोर्ट म्हणजे मशीनची केबल कॉम्प्युटरला जिथे लागते ती जागा). प्रत्येक बोलावण्यासरशी मेमरीत एक कप्पा तयार होतो आणि आधीच्या कप्प्यावर चढतो. त्या मेथडचे स्वतःचे आकडे आणि काम झाल्यावर कुठे परत जायचं ते, असं त्यात असतं. एकावर एक चढलेल्या या कप्प्यांना कॉल स्टॅक म्हणतात. एरवी सगळ्यात वरचा कप्पा काम संपवतो, उत्तर त्याला बोलावणाऱ्याला देतो आणि निघून जातो.

पोर्टवाचला बाइट मिळाले नाहीत तेव्हा तिने थ्रो केलं, म्हणजे एक्सेप्शन फेकलं. त्या क्षणी नेहमीची चाल थांबते. उत्तर देऊन परत जाणं रद्द. आता रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा, विचारते: या मेथडमध्ये, आत्ता चालू असलेल्या ओळीभोवती, या प्रकारचा बिघाड पकडणारा कॅच आहे का? नाही? मग पोर्टवाचचा कप्पा मोडून टाका आणि तिला बोलावणाऱ्या फॅटवाचला तोच प्रश्न विचारा. तिथेही नाही? तोही कप्पा मोडा. असं एकेक कप्पा मोडत शोध मागे जातो. कॅच सापडला की प्रोग्राम तिथून पुढे चालू लागतो. शेवटपर्यंत सापडलाच नाही तर तो थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला चालू कामाचा तो धागा, बंद पडतो आणि स्क्रीनवर तो लांबलचक, नवख्याला धडकी भरवणारा मजकूर येतो, ज्याला स्टॅक ट्रेस म्हणतात.

त्या मजकुराला घाबरू नका, तो वाचायला शिका. कुठल्या ओळीत बिघडलं, त्या ओळीपर्यंत कोण कोणाला बोलावत आलं, सगळं क्रमाने लिहिलेलं असतं. मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात कोड लिहायला लावत नाही, स्टॅक ट्रेस मोठ्याने वाचायला लावतो.

ट्राय लावल्याने प्रोग्राम मंदावतो असा एक समज आहे, पण तसं नसतं. जावाचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड चालवता येईल अशा सूचनांत उतरवणारा प्रोग्राम, मेथडसोबत एक छोटा तक्ता लिहून ठेवतो: या सूचनेपासून त्या सूचनेपर्यंत अमुक प्रकारचं एक्सेप्शन आलं तर तमुक जागी जा. सगळं सुरळीत चालू असताना त्या तक्त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे नुसत्या ट्रायचा खर्च जवळजवळ शून्य. खर्च होतो तो खरोखर थ्रो झाल्यावर. सगळा स्टॅक टिपून ठेवावा लागतो, एकेक कप्पा उलगडावा लागतो. म्हणून रोजच्या, अपेक्षित गोष्टीसाठी एक्सेप्शन वापरू नये. सभासदाचा नंबर यादीत सापडला नाही ही रोजची गोष्ट आहे, तिला साधा 'इफ' पुरतो.

आतापर्यंत सांगितलं त्यात ऑब्जेक्ट कुठे आलं? इथे येतं. जावासारख्या भाषेत जे फेकलं जातं ते स्वतः एक ऑब्जेक्ट असतं. त्याचा क्लास, म्हणजे ज्यावरून ते घडतं तो साचा, असतो, त्यात निरोपाचा मजकूर असतो, स्टॅक ट्रेस असतो, आणि 'हे ज्याच्यामुळे झालं ते मूळ एक्सेप्शन' हेही आत ठेवता येतं. उणे १ ला एवढं सगळं पोटात घालून आणता येत नाही.

क्लास आला म्हणजे वारसा आला: एका क्लासमधून त्याचे गुण घेणारा दुसरा, म्हणजे उपक्लास, काढता येतो. जावामध्ये सगळ्यांचा मूळपुरुष थ्रोएबल. त्याच्या दोन शाखा: एरर आणि एक्सेप्शन. मेमरी संपली, स्टॅक भरून वाहिला, असे प्रकार एररमध्ये येतात, तिथे आपण सहसा काही करू शकत नाही. एक्सेप्शनच्या पोटी रनटाइम एक्सेप्शन आणि बाकीची मंडळी. त्याच झाडाला आपणही फांद्या जोडतो. मी पुढे 'मशीनएक्सेप्शन' असा क्लास केला आणि त्याच्या खाली 'केबलतुटली' आणि 'नमुनाअपुरा' असे दोन. आता 'केबलतुटली' साठी वेगळा कॅच लिहिता येतो आणि 'मशीनएक्सेप्शन' च्या एकाच कॅचमध्ये दोन्हीही पकडता येतात. रनटाइम वरून खाली कॅच तपासत जाते आणि बसणारा पहिला घेते, म्हणून बारीक प्रकार आधी लिहायचा आणि ढोबळ नंतर. उलटं लिहिलं तर ढोबळ कॅच सगळंच गिळतो आणि बारीक कॅचपर्यंत काही पोहोचतच नाही. जावाचा कंपायलर अशा वेळी सरळ नकार देतो, पायथन मात्र काही बोलत नाही.

माझ्या मूळ कोडमध्ये 'एक्सेप्शन ई' लिहिलं होतं, म्हणजे जवळजवळ झाडाच्या मुळाशीच झोळी धरली होती. केबल हलली तेही त्यात पडत होतं आणि माझ्या स्वतःच्या कोडमधली घोडचूकही त्यातच पडत होती.

ऑब्जेक्टच्या जगात अशी एक जागा आहे जिथे एक्सेप्शनवाचून खरोखरच अडतं, आणि ती वर्गात क्वचितच सांगतात: कन्स्ट्रक्टर. तो ऑब्जेक्ट घडवतो, त्याला उत्तर म्हणून काही परत देता येत नाही. मशीनचं ऑब्जेक्ट घडवताना पोर्टच सापडलं नाही, तर उणे १ परत देणार कुठून? गप्प बसलात तर अर्धवट घडलेलं मशीन प्रोग्रामभर फिरत राहतं आणि तासाभराने भलत्याच ठिकाणी आपटतं. एक्सेप्शन फेकलं तर ते ऑब्जेक्ट बोलावणाऱ्याच्या हाती लागतच नाही. अर्धवट वस्तू हातात देण्यापेक्षा न दिलेली बरी.

दुसरी जागा वारशाची. एखाद्या क्लासने सांगितलंय की माझी ही मेथड फक्त मशीनएक्सेप्शन फेकेल. त्याचा उपक्लास ती मेथड नव्याने लिहिताना आणखी नवे, ज्यादा प्रकार फेकू लागला, तर मूळ क्लासच्या भरवशावर लिहिलेला सगळा कोड फसतो. जावा घोषित करावी लागणारी एक्सेप्शनं अशी वाढवू देत नाही. उपक्लास मूळ क्लासच्या जागी बिनदिक्कत ठेवता आला पाहिजे, हे तत्त्व ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या बार्बरा लिस्कोव्हच. क्लू भाषेतली एक्सेप्शनं आणि वारशाबद्दलचं हे तत्त्व, दोन्हींच्या मुळाशी 'दिलेला शब्द पाळणं' एवढंच आहे असं मला वाटतं.

आता आवराआवर. स्टॅकचे कप्पे मोडले जातात तेव्हा मधल्या मेथडचं उरलेलं काम राहून जातं. पोर्टवाचने पोर्ट उघडलं होतं, बंद करायची ओळ खाली होती, आणि त्या ओळीपर्यंत ती पोहोचलीच नाही. पोर्ट उघडंच राहिलं. पुढच्या सभासदाच्या वेळी तेच पोर्ट उघडायला गेलो तर उत्तर: 'पोर्ट वापरात आहे'. म्हणजे केबल एकदा हलली आणि वाचनं त्यानंतरचीही फसली. यासाठी फायनली आहे. ट्राय यशस्वी होवो वा फसो, फायनलीतला कोड चालतोच. पण दोन-तीन वस्तू उघडल्या असतील तर फायनलीत फायनली घालायची वेळ येते. म्हणून २०११ साली जावा ७ मध्ये ट्राय विथ रिसोर्सेस आलं: वस्तू ट्रायच्या कंसात उघडा, बंद करायचं काम भाषा बघेल. पायथनमध्ये हेच 'विथ' करतं. सी प्लस प्लसमध्ये फायनली नाहीच. तिथे कप्पा मोडताना त्यातल्या ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या मेथड) आपोआप चालतात आणि तेच आवरून जातात. मला ही रचना सगळ्यात देखणी वाटते, कारण तिथे विसरायची संधीच राहत नाही.

फायनलीचा एक सापळा मात्र सांगायलाच हवा. जावात फायनलीच्या आत 'रिटर्न' लिहिलंत, तर वर जात असलेलं एक्सेप्शन तिथेच नाहीसं होतं, कुठेही नोंद न होता. रिकाम्या कॅचचाच हा भाऊ, फक्त ओळखू येत नाही.

एवढं कळल्यावर खरा प्रश्न उरतो: पकडायचं कुठे? माझं उत्तर, जिथे त्याबद्दल काही ठरवता येतं तिथे. संकलनाच्या प्रोग्राममध्येच तीन वेगळे प्रसंग होते. सत्र संपल्यावर दिवसाचा हिशेब मुख्य ऑफिसला पाठवायचा आणि गावात नेट गेलेलं असायचं. इथे माणसाला त्रास द्यायचं कारण नाही. एक्सेप्शन पकडा, पाच मिनिटांनी पुन्हा पाठवून बघा, हिशेब तोवर जपून ठेवा. दुसरा प्रसंग फॅटचा. तिथे प्रोग्रामला स्वतः काही ठरवता येत नाही, आकडा कल्पनेने आणता येत नाही. तो बिघाड स्क्रीनवर बसलेल्या माणसापर्यंत गेलाच पाहिजे. तिसरा प्रसंग नल पॉइंटरचा, म्हणजे जिथे ऑब्जेक्ट असायला हवं तिथे काहीच नाही. ही सरळ लिहिणाऱ्याची चूक. ती पकडून झाकायची नाही, कोड दुरुस्त करायचा. या तिन्हींना एकच कॅच लावला की तिघांचंही वाटोळं होतं.

मधल्या पायऱ्यांनी मग काय करायचं? बहुतेक वेळा काहीच नाही, जाऊ द्यायचं. कधीकधी भाषांतर करायचं. 'पोर्टवरून वाचताना वेळ संपली' हे वाक्य दूधघे या मेथडच्या कामाचं नाही. फॅटवाचने ते पकडावं, 'केबलतुटली' असं नवं एक्सेप्शन करावं, मूळ एक्सेप्शन त्याच्या पोटात ठेवावं आणि वर फेकावं. वरच्याला त्याच्या भाषेत बातमी मिळते आणि दुरुस्त करणाऱ्याला मूळ कारणही. ते पोटात ठेवायला विसरू नका. मूळ कारण टाकून दिलेलं एक्सेप्शन म्हणजे पेशंटला रिपोर्टशिवाय दुसऱ्या दवाखान्यात पाठवणं.

जावात काही एक्सेप्शनं मेथडच्या तोंडावरच जाहीर करावी लागतात, नाहीतर कोड कंपाइल होत नाही. यांना चेक्ड एक्सेप्शन म्हणतात. सी शार्प घडवताना ही सक्ती मुद्दाम गाळली गेली. हेतू चांगला असला तरी सक्तीला कंटाळून लोक रिकामे कॅच लिहितात, हा जावावरचा नेहमीचा आक्षेप. कंटाळा आला की रिकामा कॅच लिहिला जातो, एवढं मी माझ्या उदाहरणावरूनच सांगू शकतो. गो भाषेने तर पुन्हा उत्तरासोबत चूक परत देण्याची वाट धरली आणि रस्टने उत्तर व चूक यांना एकाच बंद पाकिटात घालून ते उघडायची सक्ती केली. वाद मिटलेला नाही. मिटायची मी वाटही बघत नाही, कारण कुठल्याही भाषेत 'नंतर बघू' लिहिता येतं.

पण प्रत्येक गोष्ट पकडली म्हणजे झालं, असंही नाही. त्यासाठी ४ जून १९९६ ची सकाळ बघावी लागते. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदाच उडालं. वर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करणारे क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून साधारण ४० सेकंदांनी, सुमारे ३७०० मीटर उंचीवर ते मार्ग सोडून वळलं, मोडलं आणि त्याचा स्फोट झाला.

झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने जुलैमध्येच अहवाल दिला. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये एडा भाषेतला प्रोग्राम होता, एरियान ४ वरून जसाच्या तसा आणलेला. त्यात आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांचा दशांशी आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायचा होता. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. एरियान ५ चा मार्ग वेगळा होता, आडवा वेग बराच जास्त होता, आकडा मावला नाही आणि एक्सेप्शन आलं.

असे धोक्याचे सात आकडे होते. त्यातल्या चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना दिलं नव्हतं. हा निष्काळजीपणा नव्हता, विचार करून घेतलेला निर्णय होता: कॉम्प्युटरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि ते तीन आकडे एवढे मोठे होणारच नाहीत असा हिशेब होता. एरियान ४ साठी तो बरोबरही होता.

आणि खरी मेख पुढे आहे. एक्सेप्शन आल्यावर काय करायचं हे ठरलेलं होतं: बिघाड कळवायचा, माहिती साठवायची आणि प्रोसेसर बंद करायचा. कारण गृहीतक असं की बिघाड होईल तो यंत्राचा, आणि एक यंत्र बिघडलं तर शेजारी दुसरं तयार आहे. पण दुसऱ्यातही तोच प्रोग्राम होता. तो क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडला होता. मग पहिल्या कॉम्प्युटरने बंद पडताना जी बिघाडाची माहिती पाठवली, ती मुख्य कॉम्प्युटरने उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि रॉकेटचे नोझल (इंजिनांची झोत सोडणारी तोंडं) टोकापर्यंत वळवले. उत्तर आणि चूक एकाच वाटेने आली, दिसायला सारखीच होती. उणे १ ला फॅट समजणं यापेक्षा वेगळं नव्हतं.

चटका लावणारी गोष्ट अशी की ज्या गणितात हे एक्सेप्शन आलं, त्याची रॉकेट उडाल्यावर गरजच नव्हती. जमिनीवर दिशा जुळवण्यापुरतं ते होतं. एरियान ४ च्या सोयीसाठी उड्डाणानंतरही काही वेळ चालू ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या (संगणकशास्त्रातला मानाचा पुरस्कार) भाषणात एडा भाषेतल्या अनावश्यक गोष्टींवर टीका करताना एक्सेप्शन हँडलिंगला धोकादायक म्हटलं होतं आणि भरकटणाऱ्या रॉकेटचंच उदाहरण दिलं होतं. सोळा वर्षांनी एडातलाच प्रोग्राम असलेलं रॉकेट भरकटलं. तरीही मी होअर यांच्याशी पूर्ण सहमत नाही. एक्सेप्शनने त्या दिवशी आपलं काम केलं, आकडा मावत नाही हे ओरडून सांगितलं. चुकलं ते ऐकणाऱ्याने काय करायचं याचं उत्तर.

ऐकणाऱ्याचा कोड सगळ्यात कमी तपासला जातो. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये कॅसांड्रा, एचबेस, रेडिस यांसारख्या मोठ्या वितरित, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर मिळून चालणाऱ्या, प्रणालींमधल्या बिघाडांचा अभ्यास मांडला. अख्खी प्रणाली कोसळवणाऱ्या बिघाडांपैकी ९२ टक्के हे मूळच्या किरकोळ, प्रोग्रामने स्वतःच कळवलेल्या चुका चुकीच्या हाताळल्यामुळे झालेले होते. त्यातले कित्येक तर अगदी साधे: रिकामा कॅच, सगळंच पकडणारा कॅच, किंवा कॅचमध्ये 'हे करायचं आहे' एवढी टीप. ते वाचताना मला माझी ओळ समोर दिसत होती.

त्या सकाळी आजींचा नमुना पुन्हा लावला, ७.१ फॅट आली, पावती बदलून दिली. नंतर सचिवांसोबत बसून त्या बिलाच्या सगळ्या नोंदी काढल्या. लागोपाठच्या दोन सभासदांची फॅट आणि एसएनएफ दोन्ही तंतोतंत सारखी असलेल्या जागा शोधल्या. नऊ सापडल्या. त्यातल्या काही खऱ्याही असतील, सांगता येत नव्हतं. सचिवांनी त्या नऊ जणांना त्यांची त्या दिवसांतली सरासरी धरून फरक दिला.

मग कोड बदलला. फॅट वाचायच्या आधी जुना आकडा पुसायचा. पोर्ट ट्रायच्या कंसात उघडायचं. केबलतुटली आलं तर ते दूधघेने पकडायचं नाही, वर संकलनसुरूपर्यंत जाऊ द्यायचं. तिथे स्क्रीन लाल होईल, सभासदाचा नंबर आणि 'मशीनकडून फॅट आली नाही. नमुना पुन्हा लावा किंवा हाताने टेस्ट करून भरा' असं येईल, आणि आकडा येईपर्यंत पावती छापलीच जाणार नाही. हाताने भरलेल्या फॅटपुढे पावतीवर तशी खूण पडेल.

चार दिवसांनी केबल पुन्हा हलली. स्क्रीन लाल झाली, प्रिंटर थांबला, रांग दोन मिनिटं अडली. मागून कोणीतरी ओरडलं, "काय ओ, बंद पडलं का?" काट्यावरच्या पोराने वाकून केबल घट्ट बसवली, नमुना पुन्हा मशीनला लावला, आणि पुढची किटली वर घेतली.